लढाऊ की प्रवासी

माझा मुलगा गेला त्याला आता वर्ष होत आले. त्याच्या मृत्यूच्या दाखल्यातील व्यवसाय, जन्मस्थळ, पत्नीचे नाव हे सर्व रकाने बिनचूक भरलेले आहेत. मी ते तीनदा तपासले. शेवटच्या दीड वर्षात त्याला एक गोष्ट हवी होती आणि ती त्याला वेळेत मिळाली नाही, ही नोंद मात्र कुठल्याही कागदावर नाही. ती करण्याचे काम माझ्याकडे येते, कारण विलंब माझ्यामुळे झाला.

पुण्यात एका सरकारी खात्याच्या विधी शाखेत मी छत्तीस वर्षे काढली. नोटिसा, उत्तरे, स्मरणपत्रे, अभिप्राय. निवृत्तीनंतर पत्नी गेली आणि मुलाने मला सिडनीला आणले. वेंटवर्थव्हिलच्या त्याच्या घरात मागच्या बाजूला काचेची एक खोली आहे. तिथे माझे टेबल, प्रिंटर आणि विषयवार लावलेल्या फायली. उखडलेल्या फूटपाथबद्दल कौन्सिलला, थांब्यावर न थांबलेल्या बसबद्दल बसवाल्यांना, शेजारच्या बांधकामाच्या धुळीबद्दल बांधकामवाल्याला, अशी माझी पत्रे चालू असत. मला राग लवकर येतो आणि कागदावर उतरल्याखेरीज तो जात नाही. मुलगा त्या खोलीला ‘बाबांचं हायकोर्ट’ म्हणे. सून चहाचा कप ठेवताना विचारी, "आज कोण आरोपी?"

मेन स्ट्रीटवरच्या आपल्या लोकांच्या वाणसामानाच्या दुकानात एका शनिवारी मुलाच्या हातून तूरडाळीचे पाकीट पडले आणि फुटले. डाळ फरशीभर झाली.

"अरे, लक्ष कुठे आहे तुझं?" मी चारचौघांत म्हणालो.

"हातच मिटला नाही, बाबा," तो म्हणाला.

मला ती सबब वाटली. पुढे शर्टाची बटणे लागेनात, किल्ली फिरेना, आणि वेस्टमीडच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढून घेतली आणि आजाराचे नाव सांगितले. शरीर हलवणाऱ्या नसा एकेक करून मरतात. बुद्धी, दृष्टी आणि कान शेवटपर्यंत शाबूत राहतात. त्याच्या बाबतीत सुरुवात उजव्या हातापासून झाली होती. नंतर डावा हात, मग पाय, मग जीभ. तो एकोणपन्नास वर्षांचा होता.

त्या दिवशी घरी येऊन मी कोरा कागद समोर घेतला. अर्जदार माहीत होता, तक्रार माहीत होती. ‘प्रति’ या शब्दाखाली लिहायला पत्ता नव्हता.

पुढच्या भेटीत, हातांचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्याला एकच व्यवहारी सल्ला दिला. जे काही हातांनी करायचे मनात असेल ते आधी करून घ्या, बाकीचे नंतर. हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये सून गाडी काढत होती. मुलगा पुढच्या सीटवर, मी मागे.

"मला फ्लाइट सिम्युलेटर घ्यायचाय," तो काचेतून बाहेर बघत म्हणाला. "घरी. खुर्ची, कंट्रोल्स, मोठा स्क्रीन, सगळं नीट."

"विमानाचा गेम?" मी विचारले.

"गेम म्हणा हवं तर."

"घे की मग," सून म्हणाली. "गराज रिकामंच आहे. तुझी ती ट्रेडमिल कपडे वाळत घालायलाच आहे."

आठवडाभराने तो माझ्या काचेच्या खोलीत आला. हातात दोन कागद होते, डाव्या हाताने धरलेले. या छंदात दोन वाटा आहेत, त्याने मला समजावले. एक प्रवासी विमानाची. तीत अर्ध्या स्टिअरिंगसारखे एक चाक असते, त्याला योक म्हणतात. विमान सुरू करण्याआधी लांबलचक यादी वाचायची, नियंत्रण कक्षाची परवानगी घ्यायची, ठरल्या उंचीवरून ठरल्या मार्गाने जायचे, अलगद उतरायचे. दुसरी वाट लढाऊ विमानाची. तीत दोन पायांच्या मध्ये एक उभा दांडा, त्यावर बटणेच बटणे, डाव्या हाताखाली वेग वाढवण्याची मूठ. दोन्ही हातांची दहाही बोटे कामाला लागतात. दोन्ही वाटांची यंत्रे वेगळी, खुर्चीची बैठकही वेगळी. दोन्ही घेऊन भागणार नव्हते. एकही नीट शिकायला महिने जातात, आणि महिनेच त्याच्याकडे नव्हते.

"म्हणून ही केस तुमच्याकडे," तो म्हणाला. "दोन्ही बाजू ऐका, पुरावा बघा आणि लेखी अभिप्राय द्या. कारणांसकट."

"तुझं मत काय आहे?"

"न्यायाधीश पक्षकाराला मत विचारतात का?"

तो हसत होता. मला अतिशय आनंद झाला, हे कबूल करतो. त्या दिवसांत घरातले सगळे मला सांभाळून बोलत असत, अर्धे अर्धे सांगत असत. कोणीतरी मला काम दिले होते. मी नवी फाइल उघडली.

इथे एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुण्यात आम्ही लोहगावच्या अलीकडे राहत होतो. तिथल्या धावपट्टीवरून लढाऊ विमानेही उडतात आणि प्रवासीही. लढाऊ विमान डोक्यावरून गेले की बोलणारा माणूस वाक्याच्या मध्येच थांबे, आणि आवाज विरल्यावर तिथूनच पुढे बोलू लागे. आमच्या सगळ्या वस्तीला ती सवय होती. खिडक्यांच्या काचा थरथरतात म्हणून मी पत्र लिहिले होते, त्याचे सभ्य उत्तरही आले होते. मी पत्र लिहीत असे तेव्हा मुलगा गच्चीवर असे. प्रवासी विमानांकडे तो ढुंकूनही पाहत नसे.

सतराव्या वर्षी त्याने सैनिकी प्रबोधिनीच्या प्रवेशाचा फॉर्म आणला. उमेदवार सज्ञान नसल्यामुळे पालकाच्या संमतीची सही लागत होती. मी तोंडाने नाही म्हणालो असतो तर तो भांडला असता, आईला मध्ये घातले असते, कदाचित मी विरघळलोही असतो. मी दोन पाने टाइप केली. एकुलता एक मुलगा, आईची प्रकृती, गणितातली त्याची गती, या व्यवसायातील जोखीम. शेवटी, सबब संमती देता येत नाही. खाली सही. त्याने ती पाने उभ्या उभ्या वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, "बरं." तो इंजिनिअर झाला. पुढे कधी त्याने तो विषय काढला नाही आणि मी समजत राहिलो की माझी कारणे त्याला पटली.

पुरावा बघायला आम्ही तिघे एका दुकानात गेलो. पश्चिमेकडच्या एका औद्योगिक वसाहतीतला लांबट गाळा, मालक एक जाडजूड, मनमोकळा ऑस्ट्रेलियन. दोन तयार खुर्च्या मांडलेल्या होत्या. मुलगा आधी प्रवासी विमानात बसला. मालकाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्याने शांतपणे केली, मान हलवली, "दॅट्स रिअली नाइस" म्हणाला. ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये तो असाच दिसे. मी दारातून पाहिलेले होते.

मग तो लढाऊ विमानात बसला. उजव्या हाताची पकड तेव्हाच सैल झाली होती, तरी त्याने दांड्याभोवती बोटे एकेक करून नीट लावली. दोन मिनिटांत त्याचे सगळे अंग विमानासोबत कलू लागले. डोंगरांमधल्या एका दरीत तो इतका खाली शिरला की सुनेने डोळे झाकले.

"अरे वर घे, वर घे! आपटशील!"

"गप गं! मागे लागलाय तो माझ्या!"

"कोण मागे लागलाय?"

"मला काय माहीत कोण! यू बिग... बाबा, कान बंद करा!" आणि पाठोपाठ त्याने मराठीत एक शिवी हासडली, जी मी त्याच्या तोंडून आजवर ऐकली नव्हती. मालक पोट धरून हसू लागला. "नो वरीज, मेट, एव्हरीबडी स्वेअर्स इन दॅट वन."

खुर्चीतून उठताना त्याच्या कपाळावर घाम होता. तो अकरावीतला दिसत होता.

साक्षीदार माझ्या डोळ्यांदेखत साक्ष देत होता आणि मी वहीत बटणांची संख्या उतरवून घेत होतो.

अभिप्राय द्यायला मला बारा दिवस लागले. मी प्रवासी विमानाच्या बाजूने लिहिले. मुख्य कारण हातांचे दिले: योक तळहातांनीही ढकलता येते आणि बराचसा प्रवास स्वयंचलित असतो, त्यामुळे आजार वाढला तरी यंत्र अधिक काळ वापरता येईल; लढाऊ विमान काही आठवड्यांतच निरुपयोगी होईल. दुसरे कारण असे लिहिले की मारण्याच्या आणि मरण्याच्या खेळात सद्यःस्थितीत मन रमवणे हितावह नाही. तर्क आजही मला निर्दोष दिसतो. तो वाचवण्याचा तर्क होता. हातांनी करायचे ते आधी करून घ्या, असे सांगितलेल्या माणसाला मी पुरवून पुरवून वापरायचा सल्ला देत होतो.

त्याने तीन पाने सोफ्यावर बसून वाचली. सून त्याच्याकडे पाहत होती, मी सुनेकडे.

"बरं," तो म्हणाला. मग मान वर करून, "निकाल मान्य आहे, युअर ऑनर."

"अपील करायचं असेल तर—" मी म्हणालो.

"नाही, नाही. ठीक आहे."

सून उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा आला.

सामान आले. गराजमध्ये खुर्ची बसवली, पडदा लावला, योक टेबलाला आवळले. पहिल्याच दिवशी दोष लक्षात आला. योक डावीकडे फिरवले की विमान वळे, उजवीकडे फिरवले की ढिम्म. मुलगा सिडनीवर गोल गोल फिरत राहिला.

"हे विमान कौन्सिलचं दिसतंय," तो म्हणाला. "बाबांनी पत्र टाकल्याशिवाय वळणार नाही."

मी त्याच दुपारी दुकानात फोन केला. मालकाने माफी मागितली. तसले योक शिल्लक नव्हते, परदेशातून यायला सहा-सात आठवडे लागतील, असे तो म्हणाला. मग त्याने सुचवले की लढाऊ विमानाचा पूर्ण संच त्याच्या फळीवर तयार आहे; तोवर तो घेऊन जा, आवडला तर तोच ठेवा, नाही तर नंतर बदलून देईन. खुर्चीची बैठकही मी स्वतः येऊन बदलून देतो, म्हणाला. उद्या सकाळीच.

मी ते फेटाळले. इथल्या ग्राहक कायद्यानुसार वस्तूतला दोष गंभीर असेल तर उपाय कोणता हे ग्राहक ठरवतो, दुकानदार नाही. घेतलेल्या वस्तूऐवजी भलतीच वस्तू स्वीकारली की आपण समाधान मानले असा अर्थ निघू शकतो, पुढचा हक्क दुबळा होतो. छत्तीस वर्षांत अशी किती प्रकरणे केवळ एका घाईच्या स्वीकृतीमुळे हातची गेलेली मी पाहिली होती. मी त्याला हे सगळे सांगितले. तो म्हणाला, "अप टू यू, मेट."

घरात मी एवढेच सांगितले की प्रकरण चालू आहे.

आणि मग मी लिहू लागलो. पहिले पत्र, दुसरे पत्र, वितरकाला प्रत, ग्राहक तक्रारींच्या कार्यालयाला प्रत. इतके चांगले मसुदे मी नोकरीतही केले नसतील. पहाटे उठून मी विशेषणे काढून टाकत असे, म्हणजे राग अधिक धारदार होई. मला आता दिसते की तो सगळा राग दुसऱ्याच कोणावरचा होता. वेस्टमीडहून आल्या दिवशी जे पत्र लिहिता आले नव्हते ते मी त्या दुकानदाराला लिहीत होतो. त्याला पत्ता होता.

त्या आठवड्यांत मुलगा अधूनमधून दारात येई.

"काय म्हणतंय हायकोर्ट?"

"विरुद्ध बाजू मुदत मागते आहे. देणार नाही."

"देऊन टाका हो, बाबा."

"तू यात पडू नकोस."

तो चौकटीला खांदा टेकून उभा राही. हात सदऱ्याच्या खिशात ठेवायचीही सोय राहिली नव्हती. ते नुसते लोंबत. मग एक दिवस तो दारात आला नाही, कारण त्याच्या पायांनी साथ सोडली होती आणि गराजकडे जाणाऱ्या दोन पायऱ्यांवर लाकडी उतार बसवण्यासाठी माणसे आली होती. जेवताना सून त्याला भरवू लागली होती. मला बघवत नसे म्हणून मी ताट घेऊन काचेच्या खोलीत बसू लागलो, समोर फाइल उघडी ठेवून.

आठव्या आठवड्यात मी जिंकलो. नवे योक आले, सोबत वितरकाचे माफीचे पत्र, आणि पोहोचवायला मालक स्वतः. त्याने ते बसवून दिले, दोन्ही बाजूंना फिरवून दाखवले. सुनेने मुलाची व्हीलचेअर पुढे आणली, त्याचे हात उचलून योकवर ठेवले. उजवा हात घसरून मांडीवर पडला. तिने पुन्हा ठेवला. तो पुन्हा पडला. डाव्या मनगटाच्या वजनाने विमान थोडे कलले, मग यंत्राने स्वतःच ते सरळ केले.

"छान आहे," मुलगा म्हणाला. जीभ जड झाली होती, तरी शब्द स्पष्ट होते. "थँक्स, मेट. इट्स ग्रेट."

मालकाला अवघडल्यासारखे झाले. काहीतरी बोलायचे म्हणून तो बोलला. वाईट हेतू अजिबात नव्हता. "आय टोल्ड युअर डॅड, टेक द फायटर गिअर, इट्स जस्ट सिटिंग देअर. ही वॉझंट हॅविंग इट."

"कधी?" मुलाने मला मराठीत विचारले.

मालकाला प्रश्न समजला असावा. "फर्स्ट वीक, आय रेकन."

तो गेल्यावर सूनही आत निघून गेली. गराजमध्ये आम्ही दोघेच उरलो. पडद्यावर विमान समुद्रावरून एकटेच चालले होते.

"पहिल्या आठवड्यात माझी बोटं चालत होती," मुलगा म्हणाला.

"ती बदली स्वीकारली असती तर हक्क सोडल्यासारखं झालं असतं," मी म्हणालो. हेच शब्द म्हणालो. छत्तीस वर्षांची जीभ.

"हक्क माझा होता ना, बाबा?"

"हो."

"मग सोडायचा की नाही ते मला विचारायचं होतं."

त्याचा आवाज चढला नव्हता. तो चढू शकत नव्हता, छातीचे स्नायूही गळत चालले होते. त्याने मान माझ्याकडे वळवली. "तुम्हाला काय वाटलं, मी अभिप्राय कशाला मागितला? दुकानात बघितलंत ना मला. मला फक्त तुमची सही हवी होती. एकदा."

त्याने मला दुसऱ्यांदा फॉर्म आणून दिला होता आणि मी दुसऱ्यांदा दोन-तीन पाने टाइप करून परत केला होता. मी खाली वाकून त्याचा मांडीवर पडलेला हात उचलला. कुठे ठेवायचा ते मला कळेना. म्हणून धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मला न सांगता सून दुकानात गेली आणि लढाऊ विमानाचा संच घेऊन आली. माझ्याकडे न पाहता तिने तो बसवला. सूचनांचे पुस्तक तिने स्वतः वाचले, मला मागितले नाही. मुलाचा हात दांड्यावर ठेवला तर बोटे मिटली नाहीत. ते आम्हा तिघांनाही आधीच माहीत होते.

"बाबा," मुलगा म्हणाला, "तुम्ही बसा."

"मी?"

"माझे हात गेलेत. तुमचे आहेत. बसा."

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी त्या खुर्चीत बसलो. माझ्या खांद्यामागे त्याची व्हीलचेअर असे, आणि कानाशी त्याचा आवाज. रोज दुपारी तीनला. त्याने पहिली अट घातली की मी काही वाचायचे नाही. पुस्तक नाही, टिपण नाही. तो सांगेल ते करायचे. मी पहिले सात दिवस विमान जमिनीवरून वर नेऊ शकलो नाही. धावपट्टी सोडून मी गवतात जाई, कुंपण तोडून रस्त्यावर जाई.

"बाबा, फूटपाथ उखडलात," तो म्हणे. "आता कौन्सिलला काय तोंड दाखवणार?"

सून दाराशी उभी राहून हसायची. माझ्याशी ती अजून बोलत नव्हती, पण तिथे उभी राहायची.

पुढे मला उडता येऊ लागले. समोर शत्रूचे विमान आले आणि मी ते कोणत्या देशाचे, आपल्याला अधिकार आहे का, याचा विचार करत राहिलो.

"ट्रिगर दाबा! दाबा! अहो, त्याला नोटीस पाठवताय का?"

तेवढ्यात शत्रूने आम्हाला पाडले. मुलगा इतका हसला की त्याला ठसका लागला आणि सुनेला यंत्राने त्याचा घसा साफ करावा लागला. मी ट्रिगर शेवटपर्यंत वेळेवर दाबू शकलो नाही. आम्ही किती वेळा मेलो त्याची मोजदाद मी ठेवली नाही. आयुष्यात प्रथमच मी कसली फाइल केली नाही.

मी त्याला त्याचे विमान दिले असे कोणी म्हणू नये. त्याला ते स्वतःच्या हातांनी हवे होते. माझे हात उशिरा पोहोचत, थरथरत, आणि त्याने एक सांगितले की दुसरेच करत. दरीतून तो कसा गेला होता ते मी पाहिलेले होते. मी दरीच्या तोंडाशी घाबरून विमान वर घेई. फक्त त्याचा श्वास बदले. तो ऐकला की मला कळे, इथे त्याने काय केले असते. रोज दुपारी तासभर मी हे ऐकत असे आणि ती शिक्षा मला मान्य होती. शिक्षेविरुद्ध अपील नसते असे नाही. मी केले नाही.

हळूहळू शब्द गेले. आधी वाक्ये गेली, मग एकेक शब्द उरला: वर, खाली, डावा, उजवा, हळू. शेवटी शेवटी त्याचे शब्द सुनेलाच नीट कळत, आणि ती आता माझ्या खांद्याशी बसून मला सांगे. आमच्यात बोलणे सुरू झाले ते असे.

उन्हाळ्याच्या अखेरीस एका दुपारी आम्ही बऱ्याच उंचीवर होतो. शत्रू कोणी नव्हता. त्याने शत्रूची विमाने हल्ली बंदच करायला सांगितले होते. खाली पिवळी जमीन, वर निळे, मध्ये आम्ही. तो काहीतरी म्हणाला.

"उलटं करा म्हणतोय," सून म्हणाली.

"म्हणजे?"

"विमान उलटं. पाठीवर."

"त्याला काही मर्यादा असेल ना? वेग किती लागतो? मी आजवर—"

माझ्या कानाशी त्याने आवाज काढला. त्याचा अर्थ सांगायला सुनेची गरज नव्हती.

मी दांडा बाजूला दाबला आणि दाबून धरला. क्षितिज उभे राहिले, मग पुढे फिरले. जमीन डोक्यावर आली आणि आकाश पायांखाली गेले. खुर्ची जागच्या जागी होती हे माहीत असून मी दुसऱ्या हाताने टेबल पकडले.

मागून त्याचा आवाज येऊ लागला, तुटक तुटक. त्या आजारात माणूस हसतो की रडतो हे ऐकून ओळखता येत नाही, असे डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सांगितलेले होते. मी वळून पाहू शकत नव्हतो. सुनेला विचारू शकलो असतो. तिने माझ्या दंडावर हात ठेवला होता, तोही काही सांगत नव्हता.

तो सांगेपर्यंत मी विमान सरळ केले नाही.